दार ठोठावण्याआधी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या मांडवात आपण कीर्तने ऐकली, नाट्यप्रवेश पाहिले, सीमाप्रश्नावरची भाषणे ऐकली. यंदा कार्यकारिणीने आम्हाला सांगितले, ‘‘तुमच्या त्या कॉम्प्युटरच्या कुलुपांवर बोला, पण पहिल्या रांगेतल्या आजींनाही कळेल असे बोला.’’ प्रयत्न करतो. कुठे अडले तर आजींनी हात वर करावा.

आम्ही म्हणजे बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातले चार-पाच जण. कोणी नोकरी सांभाळून, कोणी निवृत्तीनंतर, लहान संस्थांचे संगणक सांभाळतो. पतसंस्था, शाळा, वाचनालये. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला स्वतंत्र खाते असते. आपल्या संस्थांकडे एक कपाट असते, त्यात एक वही असते आणि ‘‘त्या पोरांना फोन करा’’ असे म्हणणारे सचिव असतात. ती पोरे म्हणजे आम्ही. त्यातल्या दोघांना आता नातवंडे आहेत.

आमचे काम पुष्कळसे एकसारखे. समजा एका पतसंस्थेच्या बारा शाखा आहेत. रोज रात्री प्रत्येक शाखेच्या संगणकात शिरायचे, दिवसभराच्या नोंदींची प्रत काढायची आणि मुख्य कचेरीत आणून ठेवायची. हे हाताने करत बसलो तर रात्र सरेल. म्हणून आम्ही कामांची यादी लिहून संगणकाच्या हाती देतो. लग्नघरात आचाऱ्याला लिहून देतो तशी: आधी हे, मग ते, हे नसेल तर ते. या यादीला स्क्रिप्ट म्हणतात. स्क्रिप्ट शाखेच्या संगणकाशी जाऊन उभी राहते, तेव्हा तो तिला एकच प्रश्न विचारतो: ‘‘तू कोण, आणि कशावरून?’’

या ‘कशावरून’ची उत्तरे निरनिराळी असतात. सर्वांत जुने उत्तर परवलीच्या शब्दाचे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एकच मोठा संगणक अनेक जण वापरू लागले. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासवर्ड आणला. दुसरे उत्तर किल्लीचे. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून जाणारे पासवर्ड कोणीतरी चोरून ऐकले. त्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही पद्धत तयार केली. तिच्यात किल्लीचे दोन भाग असतात. एक आपल्याजवळ लपवून ठेवायचा, दुसरा समोरच्या संगणकावर ठेवायचा. दोन्ही जुळले की दार उघडते, आणि आपला गुप्त भाग वाटेने कधी जातच नाही. तिसरे उत्तर तिकिटाचे. एमआयटीचाच अथेना नावाचा प्रकल्प १९८३ साली सुरू झाला, त्यातून केरबेरॉस ही पद्धत आली. ग्रीक पुराणातल्या तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्याचे हे नाव. सकाळी एकदा ओळख पटवायची, तिकीट घ्यायचे आणि ते दाखवून दिवसभर हिंडायचे. जत्रेतल्या पासासारखे.

आता अडचण अशी की बारा शाखांचे बारा संगणक एका दिवशी, एका दुकानातून घेतलेले नसतात. एक नवा, दोन देणगीचे, एक मॅनेजरसाहेबांच्या मुलाचा जुना. कुठे किल्ली चालते, कुठे फक्त पासवर्ड, कुठे तिकीट. आपल्या जुन्या वाड्यांचेच बघा ना. कुणाचा मोठा दरवाजा उघडतो, कुणाकडे फक्त दिंडीतून वाकून जायचे, कुणाच्या घरी सगळा वावर परसदारानेच. माहीत नसलेला पाहुणा पुढच्या दारावर तासभर थापा मारत बसतो.

आम्ही हे शिकलो ते मोठी चूक करून. ती सांगतो.

२०२२ चा गणपती. महामारीच्या दोन वर्षांनंतरचा पहिला मोकळा गणपती. गावात जो उत्साह होता तो आपण पाहिलाच आहे. आम्हीही उत्साहात. संध्याकाळी एका पतसंस्थेच्या मुख्य कचेरीत बसून स्क्रिप्ट हातानेच सुरू केली, पहिल्या तीन शाखांची प्रत येताना पाहिली आणि आरतीला निघून गेलो. आरतीनंतर प्रसाद, प्रसादानंतर गप्पा, मग शेजारच्या गल्लीतला देखावा. कचेरीत परत कोणी गेलेच नाही.

सकाळी पाहिले तर पडद्यावर चौथ्या शाखेचे नाव, त्यापुढे ‘पासवर्ड’ हा शब्द, आणि त्याच्यापुढे चौकोन लुकलुकतोय. रात्रभर तो संगणक नम्रपणे विचारत होता आणि उत्तर द्यायला कोणी नव्हते. पुढच्या आठ शाखांच्या दारापर्यंत आमची स्क्रिप्ट पोचलीच नव्हती.

कारण नंतर कळले. एसएसएच चालवणारा ओपनएसएसएच नावाचा कार्यक्रम आहे. त्याच्या ८.८ या आवृत्तीने सप्टेंबर २०२१ मध्ये किल्लीची एक जुनी, कमकुवत ठरलेली सही आपणहून नाकारायला सुरुवात केली. त्यांनी केले ते योग्यच होते. आमच्या मुख्य कचेरीतल्या संगणकावर त्याच आठवड्यात नवी आवृत्ती चढवली होती. चौथ्या शाखेचा संगणक इतका जुना की त्याला ती जुनी सहीच तेवढी कळत असे. किल्ली जुळेना, तेव्हा दोघे मिळून पासवर्डावर आले. आणि आम्ही मोदक खात होतो.

एवढ्यावर निभावले असते तर आज हसून सांगितले असते. पण त्याच दिवशी दुपारी निपाणीकडच्या एका शाखेतली डिस्क गेली. ती शाखा न पोचलेल्या आठांपैकी होती. आदल्या दिवसाच्या सगळ्या नोंदी तिच्याबरोबर गेल्या, आणि त्यांत पिग्मी होती.

पिग्मी म्हणजे काय हे या मांडवात सांगायला नको. कर्नाटकातल्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही योजना काढली आणि आपल्या भागात ती इतकी रुजली की शब्दही आपलाच झाला. एजंट रोज दारात येतो. भाजीवाली, पानपट्टीवाला, विड्या वळणाऱ्या बायका त्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतात. त्यातूनच शाळेची फी निघते, लग्न निघते, दवाखाना निघतो. शाखेतल्या एजंटांची त्या दिवशीची वसुली आमच्याकडे कुठेच नव्हती. त्यांच्या हातातल्या छोट्या यंत्रांतल्या नोंदी शाखेत उतरवल्यावर पुसल्या गेल्या होत्या.

मग एजंटांनी दारोदार जाऊन ग्राहकांकडच्या पावत्या पाहिल्या. तीन दिवस लागले. आमच्यातला एक जण त्यांच्याबरोबर हिंडत होता. एका घरी आजीबाईंनी तंबाखूच्या डब्यातून पावत्यांची गुंडाळी काढली, दोऱ्याने बांधलेली, तारीखवार. त्या म्हणाल्या, ‘‘मशीनवर माझा भरवसा न्हाई बाळा, म्हणून ठेवते.’’ त्या बाळाचे वय तेव्हा बावन्न होते. त्याने मान खाली घालून आकडा लिहून घेतला. कोणाचा पैसा बुडाला नाही. पण तो वाचवला त्या आजींच्या दोऱ्याने, आमच्या स्क्रिप्टने नव्हे.

घाबरलेला माणूस दुसरी चूक लगेच करतो. आम्हीही केली. स्क्रिप्टला सांगितले, एक किल्ली चालली नाही तर दुसरी लाव, मग तिसरी, मग जुने पासवर्ड एकामागून एक टाकून बघ. आता ती अडणार नाही, असे वाटले. पण समोरचा संगणक प्रत्येक किल्ली मोजतो. ओपनएसएसएच एका जोडणीत साधारणपणे सहाच प्रयत्न चालवून घेतो आणि मग दार लावून टाकतो. काही शाखांत तर चुकीच्या पासवर्डांमुळे खातेच कुलूपबंद झाले. दुसऱ्या दिवशी महिन्याची पहिली तारीख. कॅशियरबाई खुर्चीवर, समोर रांग, आणि संगणक म्हणतोय, तुमचे खाते बंद आहे. त्यांची चूक काही नव्हती. रात्री चोरासारख्या किल्ल्या लावत हिंडलो होतो आम्ही.

तेव्हा कुठे शांतपणे बसलो आणि ध्यानात आले की विचारण्याची सोय आधीपासूनच आहे. एसएसएचची ओळख पटवण्याची नियमावली २००६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एक गमतीची विनंती आहे. संगणकाला म्हणायचे, ‘‘माझ्याकडे काहीच नाही, मला आत घे.’’ तो नकार देतो, द्यायलाच हवा. पण नकार देताना सांगतो, ‘‘असा येऊ नकोस. इथे किल्ली चालते, पासवर्ड चालतो.’’ त्या नकारातच आपल्याला हवी ती यादी मिळते. आम्ही इतकी वर्षे नकार दिसला की चिडत होतो. तो कधी नीट वाचला नव्हता.

आता आमची स्क्रिप्ट कामाला लागण्याआधी सगळ्या संगणकांची एक फेरी मारते आणि प्रत्येक दारात तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न: घरी कोणी आहे का? पाच सेकंद थांबायचे. वीज नसेल, लाइन तुटली असेल, तर वहीत लिहायचे आणि पुढे जायचे. एका बंद दारासाठी अकरा घरे खोळंबू द्यायची नाहीत.

दुसरा प्रश्न: इथे ओळख कशी पटवतात? म्हणजे तीच रिकाम्या हाताची विनंती. यादी मिळाली की लिहून घ्यायची. आणि रिकाम्या हाताने कोणी सरळ आतच घेतले, तर लाल शाईने लिहायचे, कारण त्या घराला दारच नाही.

तिसरा प्रश्न: आमच्याकडचे साधन इथे खरोखर चालते का? हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. चौथ्या शाखेचा संगणक ‘किल्ली चालते’ असेच सांगत होता, पण आमची किल्ली चालत नव्हती. म्हणून एकच ठरलेली किल्ली, एकदाच लावून पाहायची, आणि स्क्रिप्टला बजावायचे की कोणी पासवर्ड विचारला तर थांबायचे नाही, मागे फिरायचे. एसएसएचमध्ये याला बॅचमोड म्हणतात. तिकिटाच्या पद्धतीत तिकीट अजून चालू आहे का तेही पाहायचे. बऱ्याच ठिकाणी ते दहा तासांत संपते. सकाळी दहाला काढलेले तिकीट रात्री अकराच्या कामाला उपयोगाचे नाही. आणि दोन्हीकडची घड्याळे साधारण पाच मिनिटांच्या आत जुळलेली हवीत. वीज जाऊन-येऊन ज्या संगणकाचे घड्याळ मागे पडले आहे, तिथे खरे तिकीटही खोटे ठरते.

फेरी संपली की एक तक्ता तयार होतो: शाखा, पोच, चालणारे प्रकार, आमचे साधन. तो पाहूनच काम सुरू होते, आणि जिथे साधन चालत नाही तिथले नाव सकाळी सचिवांच्या फोनवर जाते. पडद्यावर लुकलुकत राहत नाही.

या तक्त्याने दुसरेही एक काम केले. कुठे अजून फक्त पासवर्डच चालतो ते समोर आले. आणि पासवर्ड म्हटला की तो कीबोर्डखाली चिकटवलेला असतो, किंवा संस्थेचे नाव आणि स्थापनेचे साल असा असतो. मागे बसलेले काही सचिव हसत आहेत. त्यांनी घरी जाऊन तो बदलावा. अशी दारे आम्ही हळूहळू बंद करत आणली, पण आधी किल्ली बसवून आणि ती चालते हे पाहून. नाहीतर आपणच बाहेर.

एक गंमत राहिली. १ नोव्हेंबर २०१४ रोजी आपल्या गावाचे सरकारी नाव बदलून बेळगावी झाले. त्यावर आपल्या घराघरांत काय बोलणे झाले ते इथे सांगत नाही. पुढे एका संस्थेत कोणीतरी संगणकाचेही नाव तसे बदलले. झाले! त्या रात्री आमची स्क्रिप्ट दारातून परत. कारण एसएसएच नुसती आपली ओळख देत नाही, समोरच्याचीही खूण नावासह लक्षात ठेवते. नाव नवे दिसले की ती विचारते, हा कोण? याच्यावर विश्वास ठेवू का? उत्तर द्यायला माणूस नसेल तर परत फिरते. नाव बदलले तरी यंत्र तेच होते, पण ते कोणीतरी जाऊन, पाहून, खात्री करून सांगावे लागले. ओळख दोन्ही बाजूंनी पटावी लागते. यावर सीमाभागातल्या माणसाला आम्ही अधिक काय सांगणार?

आणखी एक सांगितलेच पाहिजे, कारण मांडवात तरुण मुलेही आहेत. हे प्रश्न फक्त आपल्या ताब्यातल्या संगणकांना विचारायचे, तेही संस्थेची लेखी परवानगी घेऊन. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अपराध आहे. मित्राच्या दारावरही गंमत म्हणून किल्ल्या लावून पाहू नका.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय आम्ही खरे तर घेतला, तिच्याकडे येतो.

निपाणीतल्या एक मावशी. आयुष्यभर विड्या वळल्या. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने कापायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा, दिवसाला शेकड्यांनी. त्या हातांना आता थोडे निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे सिद्ध करावे लागते. २०१४ सालच्या नोव्हेंबरात जीवन प्रमाण ही सोय सुरू झाली, तेव्हापासून ते आधारवर बोट टेकवून करता येते. मावशी एका केंद्रावर गेल्या आणि यंत्रावर अंगठा ठेवला. जुळला नाही. पुन्हा ठेवला. पुसून ठेवला. अंगठ्यावरच्या रेषा पानांनी कधीच घासून नेल्या होत्या. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, ‘‘होत नाही, उद्या या.’’ मावशी दुसऱ्या दिवशी गेल्या. तिसऱ्याही दिवशी गेल्या. मग आम्हाला भेटल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘मी जित्ती हाय, पण मशीनला पटंना.’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. हा तोच लुकलुकणारा चौकोन होता. आणि ‘उद्या या’ हीसुद्धा आमची दुसरीच चूक, तीच किल्ली पुन्हा पुन्हा लावण्याची.

आधारमध्ये ओळख पटवण्याचे प्रकार अनेक आहेत. बोट, डोळ्याची बुबुळे, चेहरा, मोबाइलवर येणारा आकडा. दहा बोटांपैकी कोणते सर्वांत चांगले जुळते ते शोधण्याची सोयही प्राधिकरणाने केलेली आहे. अंगठाच हवा असे नाही. आणि निवृत्तिवेतनाच्या दाखल्यासाठी २०२१ च्या नोव्हेंबरपासून साध्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. त्या केंद्रावर कोणी वाईट वागले असे आम्ही म्हणत नाही. त्या मुलाला एकच दार दाखवले होते, तो त्याच दारावर थापा मारत होता. दुसरे कोणते दार आहे का, हे विचारण्याची पायरी त्याच्या यादीतच नव्हती.

मावशींना आम्ही त्यांच्याच अंगणात, उजेडात बसवले. मोबाइल समोर धरला. ‘‘डोळं मिटू का?’’ म्हणाल्या. आम्ही म्हटले, ‘‘उघडझाप करा, मावशी.’’ त्यांनी डोळ्यांची उघडझाप केली आणि दाखला निघाला. तीन दिवसांच्या हेलपाट्याचे काम तीन मिनिटांत झाले.

आता मंडळाकडे आमचे एक मागणे आहे. अनंत चतुर्दशी झाली की दसऱ्याला फार दिवस राहत नाहीत. खंडेनवमीला आपण शस्त्रांबरोबर संगणकालाही झेंडूचा हार घालतो, हळदकुंकू लावतो. यंदा हार घालण्याआधी आपापल्या संस्थेत ती तीन प्रश्नांची फेरी करून घ्या. तक्ता बनवा, दोन प्रती काढा, एक कपाटात आणि एक दुसऱ्या जबाबदार माणसाकडे ठेवा. तक्त्यात पासवर्ड मात्र लिहू नका. मदत लागली तर आम्हाला हाक मारा. पैसे नकोत, चहा चालेल, कुंदा असेल तर लवकर येऊ.

आणि नोव्हेंबरात, आपल्या गल्लीत, आपल्या वाड्यात, ज्यांच्या बोटांच्या रेषा पुसल्या आहेत अशी वडीलधारी माणसे असतील, त्यांच्या घरी मोबाइल घेऊन एक चक्कर मारा. विडी कामगार असतील, शेतात राबलेली असतील, नुसती वयाने थकलेली असतील. मंडळाच्या युवक शाखेने यादी करायचे मनावर घेतले, तर शिकवायला आम्ही येतो.

तंबाखूच्या डब्यात पावत्या जपणाऱ्या त्या आजींना आम्ही पुढच्या वर्षी तक्ता दाखवायला गेलो होतो. त्यांनी तो उलटा-सुलटा पाहिला आणि विचारले, ‘‘आता पावत्या टाकून देऊ?’’ आम्ही म्हटले, ‘‘नको आजी, राहू द्या.’’

गणपती बाप्पा मोरया!